बुटक्या पेनांच्या मिस

“गेल्या ते एक बरं झालं. आता ही भिंत एकदाच रंगवली की झालं.”

स्टाफरूममधल्या बेसिनच्या वरची, नगराळे मिस निब धुवायच्या तिथली शाईनं निळी झालेली भिंत पेंटर रंगवत होता, आणि आमच्यापैकी एक मॅडम डब्याचं झाकण काढता काढता शेजारच्या मॅडमना हे म्हणाल्या. शेजारच्या हसल्या. पेंटर म्हणाला, “दोन हात मारले मॅडम, निळं वर येऊनच राह्यलं.” मी कोपऱ्यात सहावीच्या वह्या तपासत होते. मी सहसा बोलतच नाही. पण हातातला लाल बॉलपेन इतका जोरात टेकला गेला की समोरच्या वहीचं पान फाटलं.

नगराळे मिस असत्या तर त्यांनी ते पान उलटं केलं असतं, मागच्या बाजूनं बोट फिरवलं असतं आणि विचारलं असतं, “हे लिहलं आहे का गोंदलं आहे?”

हे त्या प्रत्येकाला विचारायच्या. वही हातात आली की अक्षर बघायच्या आधी पान उलटं. मागे उंचवटे लागले की त्यांचं डोकं फिरायचं. बॉलपेनवर त्यांचा राग होता, कारण तो दाबल्याशिवाय चालत नाही, आणि दाबून लिहिणारं मूल त्यांच्या मते घाबरलेलं मूल असायचं. शाईच्या पेनला जोर लागत नाही. नुसता हात फिरवला की झालं.

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या इंग्रजी शाळेत त्या मराठी शिकवायच्या. मी सहावीत गेले तेव्हापासून दहावीपर्यंत त्या मला होत्या. पुढे मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसू लागले. आता त्या शाळेत नाहीत, एका कागदावरून त्यांना शाळा सोडावी लागली. का नाहीत, याच्या तीन गोष्टी पालकांमध्ये फिरतात आणि तिन्ही खोट्या आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

मिस आंजी गावाहून स्कूटीवर यायच्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, केस तेल लावून घट्ट बांधलेले, आणि खालच्या ओठावर बहुतेक वेळा एक निळा ठिपका. निब अडली की त्या ती तोंडाला लावून फुंकायच्या, त्याचा तो डाग. तो पुसायच्या नाहीत. नव्या मुलांना वाटायचं, मिसना काहीतरी आजार आहे.

त्या कायम चिडलेल्या असायच्या. हे मी प्रेमानं म्हणत नाही. मला त्यांची भीती वाटायची, आणि सातवीपर्यंत मला त्या अजिबात आवडत नव्हत्या. मी वर्गात उभी राहिले की माझा आवाज घशातच राहायचा. बाकीच्या टीचर “इट्स ओके, सिट डाउन” म्हणून मोकळ्या व्हायच्या. मिस बसू द्यायच्या नाहीत. “तोंड देवानं काऊन दिलं आहे तुले? पोळ्या खायले?” मुलं हसायची. मी उभी. त्याही उभ्या, हाताची घडी घालून, घंटा होईपर्यंत. एकदा तर मधल्या सुट्टीतही आम्ही दोघी अशाच समोरासमोर उभ्या राहिलो. मी बोलले नाही. त्यांनीही हार मानली नाही. याला चांगलं शिकवणं म्हणतात असं मला आजही वाटत नाही.

पेनाची गोष्ट अशी. शाळेनं सहावीपासून शाईचा पेन सक्तीचा केला. तो शाळेच्या किटमध्येच यायचा: शाळेचं चिन्ह छापलेला, मुलांच्या हाताला बसावा म्हणून मुद्दाम बुटका केलेला. त्यात करंगळीच्या पेराएवढी शाईची कार्ट्रिज बसायची, आणि ती फक्त शाळेच्या स्टोअरमध्ये मिळायची. बाजारात शाई ओढून घ्यायचा जो पंप मिळतो तो या पेनाला लांब व्हायचा, पेनाचं मागचं नळकांडं बसायचंच नाही. स्टोअर आठवड्यातून एकदा उघडायचं. मधल्या दिवसांत शाई संपली की मूल रिकामा पेन घेऊन बसून राहायचं. बॉलपेन वापरला तर डायरीत शेरा.

मिसनी आधी हे प्रिन्सिपल मॅडमना सांगितलं. मग स्टोअरवाल्याला सांगितलं. मग आम्हाला झापलं, जणू पेन आम्हीच बुटका केला होता. “अकलेचं काम करून राह्यले हे लोक. पेन देते अन् शाई देत नाई. म्हणजे ताट वाढाचं अन् हात बांधून ठेवाचे.” आणि दुसऱ्या दिवशी त्या एक चपटा स्टीलचा डबा घेऊन आल्या.

त्या डब्यात काय असायचं ते वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होतं. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप, जुना टूथब्रश, फडक्याचे तुकडे, आणि सुई नसलेली एक सिरिंज. पहिली युक्ती अशी होती की कार्ट्रिज फेकायची आणि पेनाच्या पोटातच शाई भरायची. आट्यांवर पांढऱ्या टेपचे वेढे घ्यायचे, सिरिंजनं शाई ओतायची, घट्ट फिरवायचं. पेन काठोकाठ भरायचा आणि आठवडाभर चालायचा. आम्ही खूश. मिससुद्धा त्या आठवड्यात एकदा हसल्या असं माझी मैत्रीण सांगते. मी पाहिलं नाही.

मग एप्रिल आला. शाळा सकाळची झाली, तरी दहा वाजता वर्गातल्या खिडकीची सळई हाताला लागली तर चटका बसायचा. मराठीची चाचणी चालू होती. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या पेनातून एक मोठा थेंब पडला. मग मागच्या बाकावर. मग माझ्या. अर्ध्या तासात सगळ्या वर्गाच्या पेपरांवर निळी तळी झाली. कोणी रडत होतं, कोणी बाहीनं पुसत होतं. मिस बाकांमधून धावत होत्या आणि आमच्यावर ओरडत होत्या, “उलटे धरा, निब वर करा, लेकहो, वर करा म्हणतो ना.” बाहेरून प्रिन्सिपल मॅडम गेल्या. त्यांनी आत पाहिलं आणि त्या पुढे गेल्या.

मिसनी सॉरी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, फळ्यावर पेनाचं चित्र काढलं आणि आमच्याकडे पाठ करून बोलल्या. “पेन अर्धा खाली झाला की वर हवा राह्यते. हाताची ऊब लागली की थे हवा फुगते अन् शाईले खाली ढकलते. नागपूरच्या थंड्या ऑफिसात होत नाई, आपल्या उन्हात होते. हे माह्या ध्यानात याले पाह्यजे होतं. आलं नाई.” मग वळून म्हणाल्या, “चाचणी पुन्हा. आता काढा वह्या.” चूक कबूल करायची ही पद्धत मी पुढे कोणाकडेच पाहिली नाही. आमच्या शाळेत तर नाहीच.

यानंतर त्या सायकलच्या दुकानात गेल्या. चाकाच्या व्हॉल्ववर जी बारीक रबरी नळी चढवतात ती त्यांनी विकत आणली. तिचा बोटभर तुकडा कापायचा. एका तोंडात काचेचा मणी घट्ट बसवायचा. दुसरं तोंड थुंकी लावून निबच्या मागच्या टोकावर चढवायचं. मग निब बाटलीत बुडवून नळी दाबायची, सोडायची; बुडबुडे येतात आणि शाई आत चढते. शाई थोडीच मावते, दोन तास लिहिता येईल इतकी, पण हवाही थोडीच राहते. पेन उन्हात ओकत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या वर्गात सकाळी रांग लागायची. प्रत्येक मूल आपली नळी स्वतः भरायचं. मिस डोक्यावर उभ्या. “हळू दाब. गाय नाई पिळून राह्यला तू.”

सिरिंज तेव्हापासून फक्त निब धुवायला उरली, आणि ती मिसच्या हातात असायची. सुई त्यांनी कधी आणलीच नाही. एकदा एका मुलानं घरून सुई आणली, म्हणाला, मिस यानं बारीक भरता येते. मिसनी ती दोन बोटांत धरून कागदात गुंडाळली आणि मधल्या सुट्टीत स्वतः जाऊन जवळच्या दवाखान्यात टाकून आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, “सुई पाह्यली तं माह्याशी गाठ आहे.” हे सगळ्या वर्गानं ऐकलं. दरवर्षी प्रत्येक सहावीनं ऐकलं.

मी शिक्षिका म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, मोठ्यांमध्ये त्या वेगळ्या असतील. तशाच होत्या. फरक इतकाच की इथे त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. शाळेत मराठीचा विषय म्हणजे तास कापायची सोय. गॅदरिंग आलं, मराठीचा तास नाचाला. पाहुणे आले, मराठीचा तास स्वागतगीताला. एका वर्षी सलग तास गेले तेव्हा मिस गुंडाळफळा घेऊन सरळ मैदानात गेल्या, तो बास्केटबॉलच्या खांबाला टांगला आणि नाचणाऱ्या मुलांच्या मधोमध शिकवायला लागल्या. गाणं सुरूच होतं. मुलं एक पाय उचलून फळ्याकडे बघत होती. नाचाचे सर येऊन म्हणाले, “मिस, स्टेप चुकतात ना यांच्या.” मिस म्हणाल्या, “वेलांट्याबी चुकते. त्याचं कोणाले काई वाटते का?”

त्यांच्या बोलीवर पालकांनी तक्रार केली होती, की मुलांना शुद्ध मराठी कानावर पडत नाही. ज्या घरांतून ही तक्रार आली त्या घरांत आजीला ‘मले’, ‘तुले’च बोलताना मी ऐकलंय. मिसनी मीटिंगमध्ये उत्तर दिलं, “वहीत पुस्तकातलं लिहाले लावतो ना मी? एक काना इकडंतिकडं होऊ देत नाई. तोंडानं मले माह्या मायचं बोलू द्या.” त्यावर प्रिन्सिपल मॅडमनी पुढचा विषय घेतला.

माझ्याशी त्या फारसं बोलायच्या नाहीत. सकाळी आल्या की “काय वं मॅडम” एवढंच. एकदा माझ्या मामानं मला एक छोटा परदेशी पेन पाठवला होता. वर्ध्यात त्याची शाई मिळेना, नागपुरातही नाही. मी तो नुसताच पर्समध्ये ठेवायचे. मिसनी तो पाहिला, न विचारता उचलला आणि डब्यात टाकला. आठवड्यानं परत दिला. आत रबरी नळी, तिच्या टोकाला हिरवा मणी, आणि निब अशी सरसर चालणारी की मी सही करताना दचकले. मी थँक्यू म्हणाले. त्या म्हणाल्या, “पेन काय पूजेत ठेवतेत का? काई लिहजो त्यानं.” आणि वह्यांचा गठ्ठा उचलून वर्गावर गेल्या.

आता ती गोष्ट.

सहावीतल्या एका मुलीची रबरी नळी घरी निसटून हरवली. दुसऱ्या दिवशी निबंध द्यायचा होता. तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान आहे. तिनं दुकानातून एक सिरिंज घेतली, सुईसकट, जुन्या कार्ट्रिजमध्ये शाई भरायला गेली आणि अंगठ्याला टोचून घेतलं. रक्ताचा एक थेंब. एवढंच झालं. आईनं विचारलं, हे काय करतेस. मुलगी घाबरून म्हणाली, मिसनी शिकवलं.

आईनं निळ्या सिरिंजचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. जेवणाच्या वेळेपर्यंत शाळेत मुलांना सुया वाटल्या जात होत्या. रात्रीपर्यंत त्या सुया दवाखान्यातून आणलेल्या, वापरलेल्या होत्या. सकाळी कोणीतरी नशेचा शब्द काढला. मी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपकडे बघत होते. तिथे सगळ्यांना खरं माहीत होतं. अर्ध्या जणांची स्वतःची मुलं मिसच्या वर्गातून गेलेली. कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं. बस.

दुपारी मला प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये बोलावलं. आत मॅडम, त्या मुलीचे औषधांच्या दुकानवाले वडील आणि मिस. मिस उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती, पण त्यांना कोणी बसा म्हटलेलं नव्हतं.

वडील वाईट माणूस नव्हते. ते मॅडमकडे वळून म्हणाले, “एकुलती एक पोरगी आहे मॅडम माही. उद्या तिले काई झालं असतं तं?”

मिस म्हणाल्या, “सुई मी देत नाई. आजवर कोणाले दिली नाई.”

“मंग तिच्या हातात आली कुठून?”

“तुमच्या दुकानातून. तिनंच सांगतलं मले सकाळी, रडून रडून. काउंटरच्या खालच्या खोक्यातून काढली म्हणे.”

वडिलांचे कान लाल झाले. ते खाली बघत राहिले. मला वाटलं, संपलं. आता ते म्हणतील चूक झाली, मॅडम चहा मागवतील आणि मिस शिव्या देत वर्गावर जातील. पण वडील मान वर करून मिसकडे न बघता मॅडमना म्हणाले, “आता माह्या दुकानावर आणून राह्यल्या ह्या.” आणि प्रिन्सिपल मॅडम मिसना म्हणाल्या, “प्लीज, कोणावर आरोप नकोत. विषय वाढवू नका.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की खरं काय, हा प्रश्न त्या खोलीत नव्हताच. खोलीतल्या चौघांनाही खरं माहीत होतं. ग्रुपवर टाकायला एक कागद हवा होता. शाळेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, मिसच्या सहीनं: माझ्या निष्काळजीपणामुळे विद्यार्थ्यांच्या हाती सुया गेल्या, मी माफी मागते, शाळेचा यात काही संबंध नाही. आणि तो कागद लिहायला मला बोलावलं होतं.

“तुझं इंग्लिश चांगलं आहे,” प्रिन्सिपल मॅडम मला म्हणाल्या. मी त्यांचीही विद्यार्थिनी, म्हणून त्या मला एकेरीत बोलतात. “चार ओळी ड्राफ्ट कर. सॉफ्ट लँग्वेज ठेव. मिस सही करतील, हे साहेब ग्रुपवर टाकतील, सगळ्यांसाठी संपलं.”

“सगळ्यांसाठी,” मिस म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या आता ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ज्या बाईनं बास्केटबॉलच्या खांबाला फळा टांगला, जिनं मला मधल्या सुट्टीभर उभं ठेवलं, ती या कागदाचे तुकडे करेल असं मला वाटलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. खाली मैदानात कोणाचा तरी खेळाचा तास चालला होता. ओठावर तोच ठिपका. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मी कधी ऐकला नव्हता अशा साध्या, थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “लिही वं. लिहून टाक. त्या पोरीले उद्या वर्गात बसाचं आहे. मले काय.”

मला त्या सगळ्यांचा राग आला. वडिलांचा, ज्यांना आपलं खोकं माहीत होतं. मॅडमचा, ज्यांनी त्या एप्रिलमध्ये वर्गात डोकावून पाहिलं होतं आणि ज्यांना त्या सिरिंजला सुई नसते हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. आणि सगळ्यात जास्त मिसचा, की इतकी वर्षं कान्यावरून, वेलांटीवरून, पानाच्या मागच्या उंचवट्यावरून त्या आमच्यावर चिडल्या, आणि आता, जेव्हा खरंच चिडायचं होतं, तेव्हा माझ्याकडे बघून लिही म्हणत होत्या. म्हणजे त्यांचं नाव मी पुसायचं. माझ्या चांगल्या इंग्लिशमध्ये.

मॅडमनी लेटरहेडचा कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. वर बॉलपेन ठेवला. मी बसले. कागद सरळ केला. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

मी काहीतरी म्हणाले. ते घशातच राहिलं.

“काय म्हणालीस?” मॅडम म्हणाल्या.

मी उठले, रिकामी खुर्ची ओढून मिसच्या मागे ठेवली आणि परत जागेवर येऊन बसले. मिस माझ्याकडे बघत होत्या, भुवया जवळ आणून, नेहमीसारख्या रागानं. मग त्या खुर्चीत बसल्या.

“काय झालं ते मिस सांगतील,” मी म्हणाले. “मी तेवढंच लिहीन.”